माळ्यावरच्या सीडी रद्दीत टाकून 'हाय-रेझ' घ्यायचं का? फरक कानाला कळतो की फक्त खिशाला?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचाही पुनर्विकास सुरू आहे. गिरगाव, लालबाग, परळमध्येही जुन्या इमारती रिकाम्या होतायत.

घर बदलायचं म्हटलं की माळ्यावरचं सामान खाली येतं. पितळेची पातेली, जुने दिवाळी अंक, आणि बऱ्याच घरांत सीडींनी भरलेला एक खोका. नाट्यसंगीत, भावगीतं, भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर. प्लेअर कधीच बंद पडलेला असतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "सगळं मोबाइलवर मिळतं, देऊन टाका रद्दीवाल्याला."

आणि मोबाइलवर आता नवाच शब्द फिरतोय, 'हाय-रेझ'. ॲपल म्युझिकनं २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस आणि हाय-रेझ आवाज द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायनंही लॉसलेस आणलं. भारतात ते त्यांच्या महागड्या प्लॅटिनम प्लॅनमध्ये मिळतं. हेडफोनच्या खोक्यांवर सोनेरी 'हाय-रेझ ऑडिओ'चं स्टिकर दिसतं आणि त्याबरोबर किंमतही वाढलेली दिसते.

मग प्रश्न पडतो, सीडीचा आवाज खरंच कमी प्रतीचा आहे का? हाय-रेझसाठी जादा पैसे मोजले तर जास्त ऐकू येतं का? आणि तो खोका रद्दीत द्यायचा का?

सीडीत नेमकं किती मावतं?

सीडी बाजारात आली ऑक्टोबर १९८२ मध्ये, जपानात. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले होते. त्यातले दोन आकडे आजही महत्त्वाचे आहेत, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट.

४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाची लाट एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजायची. एवढंच का? कारण माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तेही लहान वयात. पन्नाशीपर्यंत बऱ्याच जणांचा वरचा टप्पा १२ ते १४ किलोहर्ट्झवर आलेला असतो. आणि गणिताचा नियम सांगतो की एखादी लाट पूर्णपणे पकडायची असेल, तर तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. म्हणजे कानाच्या हद्दीच्या थोडं पलीकडचंसुद्धा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जाहिरातीत सीडीचा आवाज पायऱ्या-पायऱ्यांचा दाखवतात आणि हाय-रेझची रेघ गुळगुळीत दाखवतात. प्रत्यक्षात प्लेअरमधून बाहेर पडणारी लाट पायऱ्यांची नसते. डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं सर्किट, ज्याला डॅक म्हणतात, ते मधल्या जागा अंदाजानं भरत नाही. २२ किलोहर्ट्झच्या आतली लाट त्या आकड्यांवरून एकाच प्रकारे काढता येते आणि ती गुळगुळीतच निघते.

१६ बिटचा संबंध येतो सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातल्या अंतराशी. सीडीत हे अंतर सुमारे ९६ डेसिबलचं असतं. तुलनेसाठी, चांगल्या एलपी रेकॉर्डमध्ये ते ६० ते ७० डेसिबल असतं आणि साध्या कॅसेटमध्ये ५० च्या आसपास.

मग हाय-रेझ म्हणजे काय?

सीडीपेक्षा वरचे आकडे. बहुतेक वेळा २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज साठवता येतात. ते वटवाघळाला ऐकू येतील. सोनेरी स्टिकरसाठी हेडफोननं ४० किलोहर्ट्झपर्यंत आवाज काढावा अशी अट आहे. ती मापानं पूर्ण होते, पण ऐकणाऱ्याचा कान २० च्या अलीकडेच थांबलेला असतो.

२४ बिट निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. स्टुडिओत त्यांचा मोठा उपयोग होतो. गायक अचानक तार सप्तकात गेला, तबल्यावर जोरात थाप पडली, तर आवाज फाटू नये म्हणून रेकॉर्डिंग करणारा पातळी मुद्दाम खाली ठेवतो. मग पंधरा-वीस ट्रॅक एकत्र करताना ती वर-खाली करतो. या कामात २४ बिटची मोकळीक लागते. गाणं तयार होऊन घरी आल्यावर मात्र त्या मोकळीकीची गरज संपलेली असते. शिवणकामात कापड जास्त घ्यावं लागतं, तयार सदऱ्यात ते उरत नाही, तसंच काहीसं.

पण फरक ऐकू येतो का? चाचण्या काय सांगतात?

यावर वाद घालण्यापेक्षा चाचणी घेणं सोपं. २००७ मध्ये अमेरिकेत ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी ती घेतली. उच्च प्रतीच्या डिस्क वाजवल्या. कधी थेट, तर कधी तोच आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवून. ऐकणाऱ्यांना काय चालू आहे ते सांगितलं नाही. एकूण ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं आली २७६. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढीच आली असती.

या चाचणीवर टीकाही झाली. वापरलेल्या काही डिस्कचं मूळ रेकॉर्डिंगच उच्च प्रतीचं नव्हतं, असा आक्षेप होता. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे निकाल एकत्र केले. ४०० हून अधिक माणसं, साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं ५२.३ टक्के. म्हणजे फरक शून्य नव्हता, पण अगदी बारीक होता. आधी भरपूर सराव करून घेतलेल्यांचं प्रमाण बरंच वाढलं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होतं. शांत खोलीत, उत्तम यंत्रांवर, सराव केलेल्या कानाला कधीकधी फरक कळू शकतो. दादर स्टेशनच्या पुलावर इअरफोन लावून चालणाऱ्याला तो कळण्याची शक्यता जवळजवळ नाही.

लालबागच्या खोलीतलं गणित

नियमानुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती पाळली जाते का, हे उड्डाणपुलालगत राहणाऱ्यांना विचारायची गरज नाही. तरी समजा, खिडक्या बंद करून, पंखा हळू ठेवून खोलीतली शांतता ४० डेसिबलवर आणली.

आता सीडीतलं ९६ डेसिबलचं अंतर पूर्ण ऐकायचं असेल, तर सर्वांत हळू आवाज या ४० च्या वर यायला हवा. मग सर्वांत मोठा आवाज होईल १३६ डेसिबल. १२० ते १३० डेसिबलला कान दुखू लागतात. म्हणजे या घरात सीडीचीच पूर्ण क्षमता वापरता येत नाही. २४ बिटचं कागदावरचं अंतर १४४ डेसिबल आहे. ते वापरायला इथे जागाच नाही.

तरीही काही गाणी हाय-रेझमध्ये चांगली का वाटतात?

कारण बऱ्याचदा ती वेगळी आवृत्ती असते. गाणं बाजारात आणण्याआधी त्याच्यावर शेवटचा हात फिरवतात, त्याला मास्टरिंग म्हणतात. नव्वदीच्या दशकापासून जगभर 'आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे' अशी स्पर्धा लागली. हळू भाग वर ओढले, मोठे भाग दाबले. सगळं गाणं एकाच जोरात. मेटालिका या बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम याचं गाजलेलं उदाहरण. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी कमी दाबलेली होती, आणि ती सीडीपेक्षा चांगली वाजतात हे चाहत्यांच्याच लक्षात आलं.

हाय-रेझ आवृत्ती काढताना कुणी मूळ टेप पुन्हा नीट वाजवून काळजीनं मास्टरिंग केलं, तर ती चांगली वाटणारच. पण तीच आवृत्ती १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर उतरवली तरी तेवढीच चांगली वाटेल. श्रेय मास्टरिंगचं असतं आणि पैसे आकड्यांचे घेतले जातात.

दुसरं कारण आणखी साधं आहे. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो, तो माणसाला जास्त चांगला वाटतो. दुकानात तुलना करून दाखवताना आवाजाची पातळी सारखी आहे का, हे फार कमी लोक विचारतात.

जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचं काय?

या गाण्यांपैकी पुष्कळशी ज्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रित झाली, ते याच पट्ट्यात होते. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला राजकमल कलामंदिर सुरू केलं. तिथे मंगेश देसाई यांच्यासारख्या ध्वनितज्ज्ञानं काम केलं. ताडदेवचं फिल्म सेंटर आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी ओळखलं जायचं. महालक्ष्मीला फेमस स्टुडिओ होता.

तिथली माणसं अव्वल होती, पण यंत्रं त्या काळातली होती. चित्रपटाच्या जुन्या मोनो ध्वनिपट्टीवर आठ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही उरत नसे. चुंबकीय टेप आली तेव्हा आवाज बराच सुधारला, तरी टेपची खरखर गृहीत धरता तिच्यावरचं अंतर ६०-७० डेसिबलच्या आसपास राहिलं. म्हणजे १९५० च्या दशकातलं गाणं १९२ किलोहर्ट्झवर चढवलं, तर वरच्या रिकाम्या जागेत साठते ती मुख्यतः खरखर.

७८ आरपीएमच्या तबकड्यांची गोष्ट तर आणखी बोलकी. केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीवर अंतराळात गेली. ती निवडताना कुणी तिचे किलोहर्ट्झ मोजले नाहीत.

जुन्या गाण्याच्या बाबतीत खरा प्रश्न असा असतो: मूळ टेप कुणी, कशी वाजवली आणि खरखर घालवताना गायकाचा श्वासही पुसून टाकला का? अनेक सीडींवर यासाठी एक छोटी खूण असते, एएडी, एडीडी किंवा डीडीडी. पहिलं अक्षर रेकॉर्डिंगचं, दुसरं मिक्सिंगचं, तिसरं मास्टरिंगचं. 'ए' म्हणजे ॲनालॉग, 'डी' म्हणजे डिजिटल. ही खूण गुणवत्तेची हमी देत नाही, पण आवाज कोणत्या वाटेनं आला ते सांगते.

ब्लूटूथ आणि डेटा पॅकचा अडथळा

सीडीतून सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती येते. ब्लूटूथवरचा नेहमीचा एसबीसी प्रकार साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातो. सोनीचा एलडॅक चांगल्या स्थितीत ९९० पर्यंत. म्हणजे महिन्याला जादा पैसे भरून हाय-रेझ घेतलं आणि साधे ब्लूटूथ इअरबड्स लावले, तर मधल्या मार्गावरच माहिती कापली जाते. ॲपलनंही आपल्या लॉसलेसच्या माहितीत ब्लूटूथ जोडणी लॉसलेस नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

डेटाचंही बघा. अर्ध्या तासाचा एक राग सीडीच्या दर्जात सुमारे ३२० एमबी होतो. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये सुमारे २ जीबी. फ्लॅकसारख्या पद्धतीनं दोन्ही लहान होतात, तरी तफावत मोठीच राहते. रोजचा दीड जीबी डेटा असेल तर एका मारव्यात दिवसाचा पॅक संपायची वेळ येईल.

मग सीडीतूनच चांगला आवाज कसा काढायचा?

यासाठी कंपन्यांनीही बरेच प्रयोग केले. एचडीसीडी, एक्सआरसीडी, एसएचएम-सीडी अशी नावं बाजारात आली. एसएचएम-सीडीत वेगळं प्लास्टिक वापरतात, पण आतले आकडे साध्या सीडीसारखेच वाचले जातात. एमक्यूए नावाच्या पद्धतीनं हाय-रेझ छोट्या फाइलमध्ये घडी घालून देण्याचा दावा केला. २०२३ मध्ये ती कंपनीच आर्थिक अडचणीत येऊन विकली गेली आणि २०२४ मध्ये टायडल या संगीत सेवेनं ती पद्धत सोडली.

घरी करण्यासारख्या गोष्टी याहून स्वस्त आहेत.

स्पीकरची जागा बदला. १० फूट रुंदीच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झचा खर्ज भिंतींमध्ये घुमतो. स्पीकर कोपऱ्यात, कपाटावर किंवा भिंतीला टेकवून ठेवला की डग्ग्याचा घुमारा सगळ्या गाण्यावर बसतो. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कानाच्या उंचीवर आणला तर फरक पहिल्याच गाण्यात कळतो.

खोली थोडी मऊ करा. नव्या फ्लॅटमध्ये टाइल्स, काच आणि रिकाम्या भिंती असतात, म्हणून आवाज उडतो. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट यांनी तो आवरतो. चाळीतल्या खोलीत गाद्या आणि गोधड्यांचा ढीग हेच काम नकळत करत होता.

पैसे हेडफोन किंवा स्पीकरवर घाला. आवाजातला सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. वायरचा चांगला हेडफोन आणि मोबाइलला लावायचा छोटा डॅक एवढ्यात सीडीचा दर्जा पूर्ण मिळतो. लॅमिंग्टन रोडवर जाणार असाल तर आपलं ओळखीचं गाणं बरोबर न्या आणि दोन्ही वेळा आवाज सारखा ठेवायला सांगा.

स्वतःची चाचणी घ्या. हाय-रेझ फाइल घेऊन तिचीच सीडी दर्जाची प्रत बनवा. 'फूबार २०००' या मोफत प्रोग्रामला एबीएक्स नावाची जोड लावली की तो कोणती फाइल वाजतेय ते लपवतो. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलं, तर ते निव्वळ नशिबानं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. तसं झालं तर जरूर हाय-रेझ घ्या. नाही झालं तर पैसे वाचले.

आणि कान सांभाळा. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास ऐकला तर ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते. विसर्जनाच्या मिरवणुकांत आवाज फाउंडेशननं १०० डेसिबलच्या पुढच्या नोंदी अनेकदा केल्या आहेत. मिरवणुकीत कापसाऐवजी चांगले इअरप्लग वापरणं, हा कोणत्याही हाय-रेझपेक्षा फायद्याचा खर्च.

मग तो खोका?

रद्दीत देऊ नका, निदान आधी बघून घ्या. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं. सीडीची दुकानं गेली तशी छोट्या मराठी कंपन्यांनी काढलेली अनेक ध्वनिमुद्रणंही बाजारातून गेली. स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं हा समज चुकीचा आहे. तिथलं गाणं करार संपला की एका रात्रीत गायबही होऊ शकतं.

खोक्याचे दोन ढीग करा. पहिला कंपनीनं छापलेल्या सीडींचा. या नीट ठेवल्या तर अनेक दशकं टिकतात. खालच्या चकचकीत बाजूवरचे बारीक ओरखडे प्लेअर स्वतः भरून काढतो. साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट तो गणितानं दुरुस्त करू शकतो. जपायची असते ती वरची, नाव छापलेली बाजू. माहितीचा ॲल्युमिनियमचा थर तिच्याच खाली, पातळ लेपाआड असतो. तिथे ओरखडा गेला किंवा दमट हवा शिरली तर ते नुकसान भरून येत नाही.

दुसरा ढीग घरी किंवा दुकानात लिहून घेतलेल्या सीडींचा. वर मार्करनं 'आईचं गाणं', 'मंडळाचा कार्यक्रम', 'मुंज' असं काहीतरी लिहिलेलं असतं. यांच्यात रंगद्रव्याचा थर असतो. तो उष्णता, ऊन आणि दमटपणानं खराब होतो. मुंबईत ह्या तिन्हींची कमतरता नाही. त्यातल्या कितीतरी आजच वाचता येणार नाहीत, आणि दर पावसाळ्यात त्यांत भर पडेल. आधी याच उतरवून घ्या.

त्यासाठी संगणकाला लावायचा साधा सीडी ड्राइव्ह पुरतो. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा मोफत प्रोग्राम प्रत्येक ट्रॅक काळजीनं वाचतो, शंका आली की पुन्हा वाचतो, आणि छापील सीडी असेल तर इतरांच्या प्रतींशी ताडूनही बघतो. फाइल फ्लॅकमध्ये ठेवा, एमपीथ्रीमध्ये नको. फ्लॅकमध्ये काहीही कापलं जात नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत करणं वेगळं आणि ती यूट्यूबवर चढवणं वेगळं, एवढं मात्र लक्षात ठेवा.

एका सीडीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शंभर सीडींचा खोका असेल तर रोज संध्याकाळी चार-पाच केल्या की महिन्याभरात संपतो. भावगीतांची आणखी चांगली आवृत्ती उद्या कुणीतरी विकायला आणेल. आईच्या गाण्याची दुसरी आवृत्ती कुणाकडेच नाही.